नायकाची त्रेसष्ट झाडं

झरी जामणी तालुक्यातल्या माझ्या बीटमध्ये खेमसिंग नायकांच्या नावावर मोहाची त्रेसष्ट झाडं आहेत, असं सरकारचा नकाशा सांगत होता. खेमसिंग बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, ऐंशीच्या पुढचे. दोन्ही गुडघे गेलेले. तांड्यातल्या लिंबाखालच्या ओट्यापासून घरापर्यंत जायला त्यांना काठी आणि सून, दोन्ही लागतात. असा माणूस पहाटे उठून त्रेसष्ट झाडांखाली मोहफुलं वेचत फिरतो आणि फिरता फिरता जंगलाला आगी लावतो, हे मानायला डोकं फारच रिकामं हवं. आमच्या खात्याने ते मानलं. आणि ते नाव त्रेसष्ट वेळा टाइप करणारी बोटं माझी होती, त्यामुळे हा राग नेमका कोणावर काढायचा हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी निकिता, वनरक्षक. नेरकडची, कपाशी-तुरीच्या घरातली. मोह म्हणजे दारू, एवढंच ज्ञान घेऊन मी इथं रुजू झाले. पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की फेब्रुवारी संपला की सागाचा पाला गुडघ्याएवढा साचतो आणि मग एखादी बिडीसुद्धा पुरते. आग लागली की आम्हाला उपग्रहाचा मेसेज येतो. छान सोय आहे. फक्त तो आग लागल्यावर तीन तासांनी येतो, कधी चार. तीन तासांत वाळक्या पाचोळ्यातली आग कुठं पोचते ते बघायला एकदा आमच्याकडे यायला हवं त्या उपग्रहवाल्यांनी.

त्या मेसेजच्या आधी धूर दिसतो तो बोरडोहच्या तांड्याला. तांडा बंजाऱ्यांचा, टेकडीच्या उतारावर, समोर सगळं जंगल उघडं. खेमसिंग नायकांची सून जमनाबाई अंगणात उभ्या राहिल्या की माझं अख्खं बीट त्यांच्या डोळ्यांपुढे असतं. त्या फोन करायच्या. पण त्या फोनचा मला काडीचा उपयोग व्हायचा नाही. त्या म्हणायच्या, "काण्या मोहापाशी धूर हाय," आणि माझ्याकडच्या नकाशात होते कक्ष क्रमांक. काणा मोह कुठल्या कक्षात ते त्यांना माहीत नाही, आणि काणा मोह म्हणजे काय ते मला. तांड्यात प्रत्येक मोठ्या मोहाला नाव आहे. काणा मोह, जोडमोह, सासूचा मोह, वाघबसा. त्यांचे पत्ते तेच. पहिल्या उन्हाळ्यात मी चार वेळा भलत्याच टेकडीवर पाण्याचे कॅन घेऊन पोचले. लोक हसले ते वेगळंच.

त्याच वर्षी जिल्ह्याला बैठक झाली आणि सामाईक नकाशा आला. वन, महसूल, पोलीस, बंब, रुग्णवाहिका, सगळ्यांचा मिळून एकच नकाशा. ज्याच्याकडे जी माहिती असेल ती त्याने भरायची, सगळ्यांना ती दिसणार. मला ती कल्पना मनापासून आवडली. अजूनही आवडते, दुखणं तेच आहे.

मी ठरवलं, झाडंच नकाशावर चढवायची. पूर्ण हिवाळा जमनाबाईंसोबत जंगल पायाखाली घातलं. त्या पुढे, मी मागे मोबाइल धरून. झाड आलं की नाव विचारायचं, जागा नोंदवायची, फोटो काढायचा, तिथवर बैलांची बंडी जाते का, बंब जाईल का, जवळ पाणी कुठं, सगळं भरायचं. शेवटी एक रकाना होता, 'संपर्क व्यक्ती'. त्यापुढे लाल चांदणी. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

"हे झाड कोणाचं?" मी पहिल्या झाडाखाली विचारलं.

"नायकाचं लिही," जमनाबाई म्हणाल्या.

दुसऱ्यालाही नायकाचं. विसाव्या झाडाला मी कंटाळून म्हटलं, "अहो, एकट्या माणसाचे एवढे झाडं?"

"लिही ना बाई. सरकारच्या कागदावर आमच्याकडे नायकाचंच नाव रायते."

मी समजले की म्हातारा जुना मालदार असेल. खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. प्रत्येक झाड एकेका घराचं आहे, पिढ्यान्‌पिढ्या. कोणत्या बाईने कोणत्या झाडाखाली वेचायचं हे ठरलेलं, कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली वाकणार नाही. काणा मोह जमनाबाईंचा. पण बाहेरचा माणूस विचारायला आला की नाव सांगायचं ते नायकाचं. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून हिंडायचे तेव्हापासूनची रीत. नाक्यावर, हाटात, पोलीस पाटलापुढे तांड्याच्या वतीने एकच माणूस बोलणार. बाकीच्यांची नावं तांड्याबाहेर जात नाहीत. नेरच्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार? आणि तांड्याला तरी कुठून ठाऊक असणार की यंत्राला एका नावामागची साठ घरं दिसत नाहीत?

भरून झाल्यावर मी नायकांना ओट्यावर जाऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "नाव कायले पायजे?"

"आग लागली तं फोन करायले. बाकी कायलेच नाही. माहा शब्द हाय."

"मंग असू दे," ते म्हणाले. नंबर जमनाबाईंचा दिला, कारण घरात चालू फोन तोच.

पुढचा उन्हाळा सोन्यासारखा गेला. जमनाबाईंचा फोन, "सासूच्या मोहापाशी धूर," मी नकाशावर बोट ठेवलं, वणीच्या बंबाला तोच बिंदू दिसला, आणि ड्रायव्हर कोणाला न विचारता बंडीवाटेने नाल्यापर्यंत आला. तोवर आम्ही पाला झाडून आग अडवून धरली होती. तासाभरात खेळ खलास. साहेबांना जिल्ह्यात प्रशस्तिपत्र मिळालं. साहेब म्हणजे आमचे वनपरिक्षेत्र अधिकारी. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणतो, इथंही तेवढंच पुरे. फोटोत मी मागच्या रांगेत अर्धी दिसते. मला त्याचं काही नव्हतं, खरंच. मी त्या उन्हाळ्यात खूश होते.

आणि मग यंदा मार्चमध्ये कोणीतरी, कुठेतरी, थंडगार खोलीत बसून 'संपर्क व्यक्ती' खोडलं आणि तिथं 'जबाबदार व्यक्ती' केलं.

एवढंच केलं. बाकी नकाशा जसाच्या तसा. वर एक नवी सोय जोडली. उपग्रहाला आग दिसली की यंत्र सगळ्यात जवळचं नोंदवलेलं झाड शोधणार, त्यापुढची जबाबदार व्यक्ती उचलणार आणि वनगुन्ह्याची नोटीस आपोआप लिहिणार. आता खोटं कशाला बोलू, मोहाखालचा पाला बायका जाळतात. फुलं टिपायला जमीन साफ लागते. पण त्या पहाटेच्या दवात जाळतात, चहूबाजूंनी झाडून घेतात आणि विझेपर्यंत फांदी घेऊन उभ्या राहतात. कधीमधी सुटतेही, नाही म्हणत नाही. पण माझ्या बीटमधल्या निम्म्याहून जास्त आगी डांबरी रस्त्याच्या कडेने सुरू होतात आणि वाऱ्याने आत येतात. यंत्राला वारा माहीत नाही. त्याला जवळचं झाड माहीत.

पहिली नोटीस आली तेव्हा मी ती छापून घेऊन तांड्यावर गेले. बीट माझं, म्हणून बजावायची मीच. नायकांनी अंगठा दिला. मला वाटलं चुकून आली, दुरुस्त होईल. एप्रिल लागेपर्यंत अकरा झाल्या. अकरा वेळा मी त्या ओट्यापुढे उभी राहिले. शेवटी शेवटी पोरंसुद्धा माझी मोटरसायकल दिसली की घरात जायला लागली.

अकराव्या नोटिशीला नायकांना रेंज ऑफिसात हजर राहायचं होतं. ते काळीपिवळीने आले, पांढरं धोतर, लाल पागोटं, जमनाबाईंचा हात धरून. साडेदहाला बाकावर बसले. साहेबांनी तीन वाजता बोलावलं.

"ही त्रेसष्ट झाडं तुमची?"

"हो."

"सगळी?"

"हो."

"मग आगी कोणी लावल्या?"

"थे मले नाही मालूम, साहेब."

साहेब तसे वाईट नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाबा, तुम्हाला चालता येत नाही हे मला दिसतंय. झाडं ज्यांची आहेत त्यांची नावं सांगा. तुम्ही मोकळे."

नायक म्हणाले, "नायकच नावं सांगत सुटला तं थो नायक कायचा?"

"साहेब, ते नाव संपर्कासाठी होतं," मी मध्येच बोलले. "मी भरलं होतं. तेव्हा रकाना वेगळा होता."

"आता काय आहे?"

"जबाबदार."

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "वरून आलंय ते. माझ्या हातात काय आहे?"

बाहेर पडल्यावर नायकांनी मला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "छोरी, तू म्हनली होती, फोन करायले नाव पायजे."

"हो, बाबा."

"मंग फोन तं कोनीच नाही केला. कागदच आले."

काळीपिवळी आली, जमनाबाईंनी त्यांना आत बसवलं, माझ्याकडे न बघता.

त्यानंतर मी पिसाळल्यासारखी त्या रकान्याच्या मागे लागले. तालुक्याच्या नियंत्रण कक्षात संघदीप नावाचा कंत्राटी ऑपरेटर बसतो. भला मुलगा, दोन स्क्रीन आणि एक पंखा, तोही त्याने घरून आणलेला. त्याला म्हटलं, "तेवढं रकान्याचं नाव बदल, बाप्पा."

"मले फक्त पाह्यता येते, मॅडम. बदलता नाही येत."

"मंग कोणाले येते?"

"जिल्ह्याले."

जिल्ह्याला फोन लावला. ते म्हणाले, आम्ही नाही केलं, वरून आलं. वर लावला. वरचे म्हणाले, कंपनी बघते. कंपनीतल्या गोड आवाजाच्या मुलीने हिंदीतून सांगितलं की तक्रार नोंदवा, क्रमांक येईल. क्रमांक आला. आठ दिवसांनी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे, कृपया अभिप्राय द्यावा.' मी नकाशा उघडून बघितला. जबाबदार व्यक्ती, खेमसिंग. जसंच्या तसं. अभिप्रायात मी एक तारा दिला, कारण शून्य देता येत नाही.

"झाडंच काढून टाक मग," मी संघदीपला म्हटलं.

"मंजूर झालेला बिंदू निंघत नाही, मॅडम. नाव तेवढं बदलते, थे बी ज्यानं भरलं त्यालेच. अन् खरं माणूस पायजे, त्याच्या फोनवर कोड येते."

म्हणजे मला नायकांच्या जागी दुसरं नाव घालता येत होतं. कोणाचं घालू? काण्या मोहापुढे जमनाबाईंचं? मग नोटीस जमनाबाईंना. मी वैतागून त्याच्या टेबलावर हात आपटला, त्याचा चहा सांडला, आणि त्याने बिचाऱ्याने तो पुसला.

त्या दिवसांत मला एकच भीती होती. नोटिसांची नाही. तांड्याचा फोन बंद होण्याची. तो फोन आहे तोवर माझ्याकडे तीन तास आहेत. तो बंद झाला की मी, बंब, सामाईक नकाशा, सगळे मिळून उपग्रहाची वाट बघत बसणार.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी बीटच्या दुसऱ्या टोकाला पाणवठे तपासत होते. पावणेचारला मेसेज आला. बिंदू काण्या मोहाला चिकटून. मी आधी मिस्ड कॉल बघितले. एकही नाही. जमनाबाईंना लावला, वाजत राहिला, कोणी उचलला नाही. बंबाला कळवलं आणि मोटरसायकल अशी हाकली की नाल्यात दोनदा पडता पडता वाचले.

पोचले तेव्हा अख्खा तांडा जंगलात होता. पन्नास-साठ माणसं, बायाच जास्त, पळसाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपत होत्या. तोंडं काळी, डोळे लाल. आमच्या खात्याचा बांबूचा प्लॉट सगळा गेला होता आणि आग तांड्याकडच्या उताराला लागली होती. नायकांना बंडीत बसवून आणलं होतं. ते बंडीवर उभं राहायचा प्रयत्न करत काठीने दाखवत होते, कुठून आग वळतेय, कोणी कुठं जायचं. जमनाबाईंच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत ओलं लुगडं गुंडाळलेलं. त्याखालचं मला बघवलं नाही.

काणा मोह अजून उभा होता. आतून पोकळ होता म्हणून तर त्याचं नाव काणा. आग त्या भोकातून आत शिरली आणि शेंड्यातून धूर निघत होता, चुलीच्या धुराड्यासारखा. बंब आला तेव्हाच तो पडला. बंब मात्र सरळ आला, बंडीवाटेने, कुठंही न चुकता, नाल्याशी पाणी कुठं भरायचं तेही ड्रायव्हरला माहीत होतं. नकाशा अगदी बरोबर होता. फक्त कोणी हाक मारली नव्हती.

आग आटोक्यात आली आणि मी जमनाबाईंपुढे जाऊन उभी राहिले. मला आधी त्यांचा हात विचारायला हवा होता. पण मी ओरडले.

"कधी लागली?"

"साडेबाराले."

"अन् मले फोन काहून नाही केला?"

"केला असता तं तू झाड विचारलं असतं," जमनाबाई म्हणाल्या. "झाड सांगतलं असतं तं नायकाले पुन्हा नेलं असतं."

"मी नेलं असतं?"

"कागद कोन आनते, बाई?"

मला तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन तास. त्या तीन तासांत एका बाईचा हात भाजला होता, तिचं झाड गेलं होतं, आणि तिने ते सगळं फोन हातात असताना सोसलं होतं, कारण त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला मी होते. मी रुग्णवाहिका बोलावली. तीही बरोबर आली. सगळं बरोबर यायचं, बोलावलं की.

जमनाबाईंना घेऊन जाणारी गाडी दिसेनाशी झाल्यावर मी उताराच्या माथ्यावरच्या दगडावर जाऊन बसले. तिथं नेटवर्क येतं. नकाशा उघडला, काण्या मोहावर बोट ठेवलं, जबाबदार व्यक्ती, बदला. खेमसिंग खोडलं. तिथं लिहिलं, निकिता किसनराव. माझाच नंबर टाकला. माझ्याच फोनवर कोड आला. तो टाकला. झाड माझं झालं.

मग जोडमोह. कोड. सासूचा मोह. कोड. वाघबसा. कोड. बॅटरी चौदा टक्क्यांवर आली तेव्हा चाळीस झाली होती. मी बंबाच्या ड्रायव्हरकडून चार्जर मागितला आणि त्याच्या केबिनमध्ये बसून उरलेली पूर्ण केली. तो म्हणाला, "मॅडम, गेम खेळून राह्यल्या का?" मी म्हटलं, "हो."

बंडी निघाली होती. मी पुढे होऊन नायकांना सांगितलं, "बाबा, सगळे झाडं माह्या नावावर केले."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. राग होता की नाही, कळलं नाही. "फुलं बी तूच येचशील?"

"फुलं तुमचेच. कागद माहे."

"काणा तं पडला."

"थो बी माह्याच नावावर."

बंडी तांड्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने चोख काम केलं. रेंज ऑफिसच्या प्रिंटरमधून नोटीस निघाली. जबाबदार व्यक्ती, निकिता किसनराव. बजावणार, बीटची वनरक्षक, निकिता किसनराव. मी देणाऱ्याच्या जागी सही केली, मग कागद फिरवून घेणाऱ्याच्या जागी सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. "हा काय पोरखेळ आहे?"

"जबाबदार व्यक्ती विचारलं होतं, साहेब. ती झाडं मी नकाशावर आणली, ते नाव मी लिहिलं. माझ्याशिवाय कोण आहे?"

"निलंबन होईल, कळतंय का? वनरक्षकावरच वनगुन्हा? वर काय तोंड दाखवू मी? रद्द कर ही."

"माझ्याकडून होत नाही. तुमच्याकडून?"

त्यांनी संगणक पुढे ओढला. बराच वेळ माऊस फिरवला. संघदीपला फोन लावला, जिल्ह्याला लावला, वर लावला. मी उभीच होते. शेवटी त्यांनी फोन आपटला.

"तक्रार नोंदवा, साहेब," मी म्हटलं. "क्रमांक येतो."

त्यांनी मला हाकलून दिलं. दुपारी कारणे दाखवा नोटीस हातात पडली, ती मात्र माणसाने लिहिलेली. चौकशी लागली, ती अजून चालू आहे. नेरला माझ्या वडिलांना फोनवर कळलं तेव्हा ते म्हणाले, "सरकारी नोकरी हाय बाई, अशी लाथाडू नको." त्यांना समजावता आलं नाही. नायकांवरच्या अकरा नोटिसा तशाच आहेत, निघत नाहीत. रकानाही तोच आहे. जमनाबाई यवतमाळच्या दवाखान्यातून परत आल्या, हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी चहा दिला आणि आगीबद्दल एक शब्द काढला नाही.

नाव बदलल्यानंतरच्या अठरा दिवसांत आणखी दोन आगी लागल्या. दोन्ही मला उपग्रहाने सांगितल्या, तीन-तीन तासांनी. दोन्हींच्या नोटिसा मलाच आल्या, दोन्हींवर मी दोन-दोन सह्या केल्या आणि प्रत्येकीची एक प्रत तांड्यात लिंबाच्या ओट्यावर दगडाखाली ठेवून आले. मला वाटलं, गेला तो फोन. नाव बदललं म्हणून शब्द परत येत नाही. रोज सकाळी मी फोन चार्ज करायचे आणि रोज संध्याकाळी चिडून खाटेवर फेकायचे.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. डबा उघडून पहिला घास तोंडात घातला होता. फोन वाजला.

"बाई, धूर हाय," जमनाबाई.

घास तसाच राहिला. "कुठं?"

"जोडमोहापाशी. नाल्याच्या वरतून. आत्ताच निंगाला."

मी डाव्या हाताने नकाशा उघडला. आलेला फोन नोंदवायचा फॉर्म समोर आला, लाल चांदणीसकट, आणि दोन उन्हाळ्यांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणाचं झाड?"

मी जीभ चावली. आता जमनाबाई फोन ठेवणार, असं वाटलं. मग मागून नायकांचा आवाज आला, गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, काहीतरी, आणि त्यावर बायका हसल्या.

जमनाबाई म्हणाल्या, "नायक म्हनते, तुहंच झाड जळून राह्यलं बाई, अन् तू आम्हाले विचारून राह्यली? ये लवकर!"